गाळलेलं कडवं

खालच्या मजल्यावरचं कुणाचं तरी पोर कालपासून बाल्कनीत येरझाऱ्या घालत पिरियॉडिक टेबल पाठ करतंय. म्हणजे फेब्रुवारी लागला. मस्कतच्या अल् घुब्रात ऋतू असेच ओळखायचे, झाडांकडे बघून इथे काही कळत नाही. खिडक्या उघड्या म्हणजे परीक्षा, खिडक्या बंद होऊन एसी सुरू झाले म्हणजे परीक्षा संपल्या. सध्या सगळ्या बिल्डिंगचं सगळ्यांना ऐकू येतं. कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मल्याळी बाईंचं मुलावर ओरडणं, कुणाच्या तरी मिक्सरची घरघर. लिफ्टमध्ये लोबानाचा वास रेंगाळलेला असतो. संध्याकाळी समुद्राकडून बरं वारं येतं आणि माणसं उगाचच खूश असतात. मीही असायचे. पण गेली तीन वर्षं फेब्रुवारी आला की मी माझ्याच घरात अंग चोरून वावरते.

आणि या वर्षी भरीत भर म्हणून हेंकरावांची मेल आली.

चार ओळींची मेल. नवा अल्बम करतोय, बहुतेक शेवटचाच. त्यात तुझ्या वडिलांसोबत वाजवलेलं ते गाणं घेतलंय, आमच्या व्हरांड्यात रेकॉर्ड केलेलं, मागच्या कावळ्यांसकट. कव्हरवर गाणं लिहिणाऱ्याचं नाव घालायचंय. तू म्हणाली होतीस पारंपरिक, सुगीचं. पण नुसतं पारंपरिक लिहायला माझं मन घेत नाही, कुणीतरी माणसानंच ते लिहिलं असणार. वडिलांना विचारशील? आणि प्रत्येक कडवं ज्या शब्दावर संपतं, त्याचा अर्थ शेत, बरोबर ना?

ऑफिसात डेस्कवर बसून मी ती मेल वाचली आणि माझे कान तापले. समोर कुठल्याशा पुलाचं ड्रॉइंग तपासायला उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

हेंकराव हे नाव माझ्या वडिलांनी ठेवलेलं. माणूस डच, तेव्हा सत्तरीचा, दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच, पांढरे केस मागे रबरबँडमध्ये बांधलेले. नाव नुसतं हेंक. पण दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आपल्या वयाच्या माणसाला असं उघडंबोडकं हेंक म्हणवेना. पहिल्याच दिवशी त्यांनी हात जोडून 'हेंकराव, जयभीम' म्हणून टाकलं. हेंकरावांनीही हात जोडले आणि तेच शब्द जसे जमतील तसे परत केले. मी मध्येच घाईघाईनं म्हणाले, 'इट्स लाइक हॅलो.' बघा, सुरुवातच तिथून झाली.

हेंकराव रॉक गिटारिस्ट. स्वतःची गाणी स्वतः लिहिणारे. त्यांच्या देशात एके काळी पोरी त्यांच्या गाडीमागे धावायच्या, असं त्यांची बायको हसत हसत सांगायची. ती शहरातल्याच मदिनत सुलतान काबूस या भागातल्या एका शाळेत शिकवायची. तिच्या नोकरीपायी हे मस्कतला आले आणि रिकामं बसवेना म्हणून घरी मुलांना गिटार शिकवू लागले. माझी मुलगी सांची तेव्हा दहावीला. बोर्डाची परीक्षा तोंडावर आणि हिनं हट्ट धरला, 'मम्मा, मला काहीतरी हवंय जे एक्झाम नाहीये.' नवरा सोहारला, ॲल्युमिनियमच्या कारखान्यात, सुट्टी मिळाली तरच घरी. त्यामुळे दर गुरुवारी ऑफिस सुटलं की सांचीला घेऊन मीच मदिनत सुलतान काबूसला जायचे. त्याच हिवाळ्यात दादा व्हिजिट व्हिसावर आले होते. आई जाऊन वर्ष होत आलं होतं, हिंगोलीच्या घरात एकटे बसून काय करणार, म्हणून मीच आणलं. तेही आमच्यासोबत यायचे. आत शिकवणी चालायची, बाहेर व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर आम्ही बापलेक.

शिकवणी संपली की हेंकराव बाहेर येऊन बसायचे, काळी कॉफी प्यायचे आणि दर गुरुवारी स्वतःचं आयुष्य थोडं थोडं सांगायचे. त्यांचा जन्म बोटीवरचा. वडील नदीतून वाळूची बोट हाकायचे, बोटीच्या मागच्या टोकाला दोन खोल्यांत सगळा संसार. बोटवाल्यांची पोरं सहा वर्षांची झाली की काठावरच्या वसतिगृहात ठेवायची, कारण बोट काही कुणाच्या शाळेसाठी थांबायची नाही. तिथली गावातली पोरं यांच्या बोलण्याला हसायची. बोटवाल्यांची बोली वेगळी, ओबडधोबड. 'आठ दिवसांत मी ती बोली टाकली,' हेंकराव म्हणाले. 'सुट्टीत घरी गेलो तर आई म्हणाली, हा कुठला साहेब आला?'

सोळाव्या वर्षी कुणा खलाशानं त्यांना एक गिटार दिली, मानेशी तुटून पुन्हा चिकटवलेली. बोटीच्या इंजिनाच्या ठोक्यावर ते वाजवायला शिकले. पुढे बँडमधली पोरं चिडवायची, हेंकचा ताल डिझेलवर चालतो. चार जणांचा बँड, एक खटारा व्हॅन, व्हॅनमध्येच झोपणं आणि व्हॅनमध्येच भांडणं. चर्चच्या हॉलमध्ये, जत्रेत, शाळेच्या गॅदरिंगला, जिथे बोलावतील तिथे वाजवायचं. आणि मग त्यांनी ते गाणं लिहिलं, वडिलांवर. वडील बोट चालवताना दर पुलाखालून गेले की टोपी काढायचे. का, ते कुणालाच माहीत नाही, काढायचे एवढं खरं. त्याचं गाणं. तेही बोटवाल्यांच्या बोलीत. रेकॉर्ड काढणारा म्हणाला, चाल झकास आहे, पण हा म्हातारा आणि ही भाषा कोण ऐकणार? इंग्रजीत कर आणि म्हाताऱ्याच्या जागी एक पोरगी घाल.

'मी एका दुपारीत केलं,' हेंकराव म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, 'एका दुपारीत.'

ते गाणं तुफान चाललं. जर्मनी, बेल्जियम, पार जपानपर्यंत दौरे झाले. टीव्हीवर वायर न जोडलेली गिटार वाजवायचं नाटक करत त्यांनी ते कितीदा म्हटलं, त्याला गणती नाही. पहिल्यांदा टीव्हीवर लागलं तेव्हा वडिलांनी बोट काठाला बांधली आणि कुणा ओळखीच्याच्या घरी जाऊन ते पाहिलं. मग फोन केला. 'छान आहे रे. पण ती पोरगी कोण?' हेंकराव म्हणाले, 'कुणी नाही.' वडिलांनी पुढे काही विचारलं नाही.

नंतरचं ते भराभर सांगायचे. बँड फुटला. त्यांनी आठ रेकॉर्ड काढल्या, एकही चालली नाही. दुसऱ्या गायकांसाठी गाणी लिहिली, कॉफीच्या जाहिरातीला चाल लावली, पिऊन दोनचार वर्षं वाया घालवली, डावा कान गेला. लग्नांत आणि जत्रांत वाजवत राहिले. कुठेही जा, लोकांना तेवढं एकच गाणं हवं. 'मी ते म्हणायला लागलो,' ते म्हणाले, 'की वडील उभे असायला हवेत तिथे ती नसलेली पोरगी येऊन उभी राहते. पन्नास वर्षं.'

मी हळहळले हो. अगदी मनापासून. 'हाउ सॅड,' असंही म्हणाले. घरी येताना गाडीत दादांना सगळं मराठीत सांगितलं. दादा बाहेर बघत म्हणाले, 'त्याच्या बापाला कळलं असंल, माय. बापाला कळतंय.'

एवढं सगळं ऐकून, समजून, हळहळून झालं होतं. त्यानंतर मी जे केलं ते केलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

दादा वीजखात्यात लाइनमन होते. दिवसा खांबावर आणि एप्रिलात जयंतीचे दिवस आले की संध्याकाळी गायन पार्टीत. पेटी, ढोलकी, झांजा आणि पाच जणांचा ताफा. गावोगावच्या जयंतीला जायचे. गाणी त्यांची स्वतःची. वीजबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली. लहानपणी मी त्या पार्टीत पुढे बसून झांजा वाजवायचे आणि दादा गायला लागले की मला वाटायचं, आपला बाप म्हणजे काय! ही अशी पोर पुढे इंजिनियरिंगला शहरात गेली आणि होस्टेलच्या खोलीवर दादांचा फोन आला की जयभीमऐवजी हळूच हॅलो म्हणायला शिकली. कुणी शिकवलं? कुणीच नाही.

व्हरांड्यात दादांना स्वस्थ बसवेना. आत सांची एकच धून पुन्हा पुन्हा घोटायची आणि इकडे दादांची बोटं चालू. एका गुरुवारी त्यांनी झाडांना पाणी घालायची बादली उपडी केली आणि ठेका धरला. आतली गिटार थांबली. हेंकराव बाहेर आले, बादलीकडे बघितलं, दादांकडे बघितलं, परत आत जाऊन गिटार घेऊन आले आणि जमिनीवर बसले. तेव्हापासून सांचीची शिकवणी अर्धा तास आणि या दोघांची दीड तास. भाषेच्या नावानं शंख. 'यल्ला' म्हटलं की सुरू, 'खलास' म्हटलं की बंद, एवढ्या दोन अरबी शब्दांवर त्यांचं भागायचं. आई गेल्यापासून दादांना इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मग दादांनी ते गाणं काढलं. मी पहिलीत गेले त्या वर्षी रचलेलं. आमची वस्ती नदीच्या अलीकडे, शाळा पलीकडे. गाणं असं:

पाटी काखेत, चालली नदीपार,
मागं वळून न पाहे माझी लेक.

ज्या दाराबाहेर बसला माझा बाप,
त्या दारातून आत गेली माझी लेक.

ज्यानं उघडलं दार, त्याला जयभीम म्हणते,
पाटीवर पहिलं नाव त्याचं लिहिते माझी लेक.

दार म्हणजे शाळेचं. माझ्या आजोबांना वर्गात घ्यायचे नाहीत, बाहेर पायरीवर बसवायचे. आम्ही बौद्ध. ते आजोबांच्या हयातीतच झालो, आणि दार उघडलं ते कुणी, हे आमच्यात सांगावं लागत नाही.

दादा गात होते. हेंकराव डोळे मिटून तार धरून होते. मोबाइल मध्ये ठेवून त्यांनी रेकॉर्ड केलं. संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, 'काय आहे हे गाणं? दर वेळी शेवटी एकच शब्द येतो, तो काय?'

दादाही माझ्याकडे बघत होते. मी किती छान सांगते ते ऐकायला. त्यांना इंग्रजी येत नाही, पण लेक फाडफाड इंग्रजी बोलते ते बघायला त्यांना फार आवडायचं.

मी म्हणाले, 'सुगीचं गाणं आहे. बायका ज्वारी कापताना म्हणतात. जुनं, पारंपरिक. तो शब्द म्हणजे शेत.'

का? तीन वर्षं मी हेच स्वतःला विचारतेय. हेंकरावांना काय फरक पडणार होता? पण त्या वेळी त्यांची बायको तिथेच बसलेली, तिथेच शिकणाऱ्या, सांचीच्या शाळेतल्या एका मुलीची आई मुलीला घ्यायला आलेली, आणि गाणं सांगायचं म्हणजे दार सांगायचं, पायरी सांगायची, मग कोण आणि का ते सांगायचं. माझं सासरचं आडनाव असं आहे की ते कुणाचंही असू शकतं. बारा वर्षं त्या आडनावाच्या आडोशानं मी अल् घुब्रात सुखानं राहिले होते. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, आल्यागेल्याला शोपीस वाटते. कोट आणि चष्म्यातला तो फोटो, जो आमच्या प्रत्येक घरात असतो, तो आतल्या खोलीत कपाटाच्या बाजूला. मुलीचं नाव सांची, तेही लोकांना फॅशनेबल वाटतं. इथे आमच्या लोकांची जयंती होते, दरवर्षी, थाटात. आम्ही जातो, पण फोटो ग्रुपवर टाकत नाही. आणि मला इथे कुणी कधी वाकडा शब्द बोललेलं नाही, हे सांगायलाच हवं. मला कुणी लपायला लावलं नव्हतं. मी आपली आपणच लपले.

दादांनी विचारलं, 'सांगितलंस का त्याला?'

'सांगितलं.'

'पायरीचंबी?'

'हो दादा, सगळं.'

दादांचा चेहरा असा फुलला. हेंकराव त्यांच्याकडे बघून हसले, शेतं डोळ्यांपुढे आणून.

इथे थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण समोरच्या फ्लॅटमधल्या देशपांडे वहिनी म्हणजे उत्साहाचं भांडार. फेब्रुवारीअखेर मराठी भाषा दिनाचा आमच्या मराठी मंडळींचा कार्यक्रम असतो, त्याची यादी त्याच करतात. सांचीकडून त्यांना सुगावा लागला आणि त्या वही-पेन घेऊन हजर. 'अगं, डच गिटारिस्ट आणि तुझे वडील! नाही म्हणूच नकोस. कसलं गाणं आहे? कवी कोण?'

दादा आंघोळीला गेले होते. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, 'लोकगीत आहे हो, सुगीचं. कवी काही माहीत नाही.' वहिनींनी तसं लिहून घेतलं.

आणि दादांना मी सांगितलं, 'वेळ कमी आहे, दादा. दोनच कडवी म्हणा. तिसरं राहू दे.'

'तिसरं?' दादा म्हणाले. एवढंच. मग म्हणाले, 'बरं.'

खरं तर दुसरं कडवंही मला नको होतं. पण दोन कडवी गाळा, असं कुठल्या तोंडानं म्हणणार? त्यातली पायरी लोकांच्या लक्षात येणार नाही, असा माझा हिशेब. तो बरोबर निघाला. लोक गिटार बघत होते.

शुक्रवारची संध्याकाळ. हॉल भरलेला, बायका पैठण्यांत, मुलं मागे इंग्रजीत दंगा करताहेत. नवऱ्याची ड्युटी होती, म्हणून मी आणि सांची दुसऱ्या रांगेत. स्टेजवर दादा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर कुणाकडून तरी मागून आणलेली ढोलकी. शेजारी हेंकराव, त्यांनी हौसेनं कुर्ता घातलेला. वहिनींनी माइक घेतला आणि मोठ्या प्रेमानं म्हणाल्या, 'आता ऐकू या एक पारंपरिक लोकगीत. सुगीचं गाणं. कवी अज्ञात.'

कवी अज्ञात. आणि कवी समोर मांडी घालून बसलेला.

दादांनी वहिनींकडे बघितलं. मग रांगांमधून मला शोधलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. काय शोधत होते कोण जाणे, पण मान वर केली नाही. ढोलकी वाजेपर्यंत किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग ठेका पडला, गिटार आली, दादा गायले. सुंदर गायले. दुसऱ्या कडव्यानंतर हेंकराव तिसऱ्याची वाट बघत वाजवत राहिले, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दादांनी त्यांच्या गुडघ्याला हात लावला आणि म्हणाले, 'खलास.' लोकांना ते फार गमतीदार वाटलं. हशा आणि टाळ्या.

परत येताना गाडीत दादाच म्हणाले, 'त्या बाईनं सुगीचं म्हनलं. चुकून म्हनलं असंल.'

माझ्यासमोर त्यांनी दार उघडं करून ठेवलं होतं. मला तेव्हा वाटलं, ते बाहेर पडायचं दार आहे. मी पटकन म्हणाले, 'हो दादा. त्यांचीच चूक झाली. मी बरोबर सांगितलं होतं.'

मागच्या सीटवरून सांची म्हणाली, 'हाउ कॅन शी? आजोबांचं नावच नाही घेतलं!'

मी सिग्नलकडे बघत राहिले. सिग्नल हिरवा झाला.

चार दिवसांनी दादांचा व्हिसा संपत होता, ते गेले. जाताना हेंकरावांना मिठी मारून गेले. उन्हाळ्यात हेंकरावही बायकोची नोकरी संपल्यावर मायदेशी परतले. सांची दहावी झाली, बारावी झाली, आता पुण्याला कॉलेजात आहे. आणि त्या संध्याकाळपासून तिनं देशपांडे वहिनींशी धड बोलणं टाकलं. लिफ्टमध्ये भेटल्या तर ही मोबाइलमध्ये डोकं घालणार. त्यांनी हिला लहानपणी शाळेतून आणलेलं, माझा उशीर झाला तर जेवू घातलेलं. एकदा वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, 'सांची माझ्यावर रागावलीय का गं? माझं काही चुकलं का?' मी म्हणाले, 'छे हो, वयच तसलं.' सांची पुण्याला निघाली त्या दिवशी वहिनी खालपर्यंत आल्या होत्या, हातात लाडवांचा डबा. सांचीनं डबा घेतला, थँक्यू म्हटलं आणि गाडीत बसली. वहिनी काचेतून हात हलवत राहिल्या. तेव्हा तरी तोंड उघडायचं की नाही? नाही. मी गाडी सुरू केली.

पूर्वी मला दादांच्या गाण्याची लाज वाटायची. आता स्वतःची वाटते. पहिली लाज दडवता येत होती, फोटोसारखी आतल्या खोलीत ठेवून देता येत होती. ही दडवता येत नाही, कारण ती ज्याच्यापासून दडवायची ते माणूस मीच आहे. चहा करताना येते, ड्रॉइंगवर सही करताना येते. मी पुलांची ड्रॉइंग तपासते. प्रत्येक पूल बघितला की मला टोपी काढणारा तो बोटवाला आठवतो, आणि त्याचा प्रश्न, ती पोरगी कोण?

मेल आल्यानंतर दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. एकदा लिहिलं, 'होय, पारंपरिकच.' लिहिलं हो! बोट सेंडवर होतं. मग खोडलं, मोबाइल उचलला आणि ऑफिसच्या पॅन्ट्रीतून दादांना लावला. चहा करणारे आमचे रत्नागिरीचे इस्माइलभाई तिथेच कप विसळत होते. दादांनी उचलला.

'दादा, जयभीम,' मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला.

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, 'जयभीम, माय. काय झालं?'

मी सगळं सांगितलं. शेत, सुगी, वेळ कमी नव्हता ते, वहिनींची चूक नव्हती ते. मध्ये रडू आलं, ते आलंच. इस्माइलभाई हळूच बाहेर गेले आणि जाताना दार लोटून घेतलं.

दादा म्हणाले, 'मला ठाऊक हाय की.'

'कधीपासून?'

'स्टेजवरच. तू पिशवीत मुंडकं घातलंस तवाच. लहानपणीबी पाटी फोडली की असंच करायचीस.'

'मग गाडीत तुम्ही का म्हणालात, चुकून म्हटलं असेल म्हणून?'

'अगं, मागं पोर बसली होती,' दादा म्हणाले. 'तिच्यासमोर तिच्या मायला खाली पाहायला लावू का?'

मी इस्माइलभाईंनी अर्धवट ठेवलेला कप उचलून विसळायला लागले. दादाच म्हणाले, 'तिसरं कडवं ध्यानात हाय का तुला?'

'आहे.'

'म्हन बरं.'

आणि मी म्हटलं. पॅन्ट्रीत, फोनवर, बेसूर. दादांनी एका ठिकाणी सुधारलं. मग म्हणाले, 'हेंकरावाला जयभीम सांग. बरं वाजवतंय ते.'

हेंकरावांना त्याच दुपारी लिहिलं. कवीचं नाव लिहिलं. गाणं खरं कशाबद्दल आहे ते लिहिलं, दाराचं, पायरीचं, सगळं. तुमची गोष्ट माहीत असूनही मी खोटं बोलले, हेही लिहिलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं. 'तुझे वडील जिवंत आहेत. तू उशीर केलेला नाहीस.' ते वाचून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हॉलंडला खरं लिहिणं काय अवघड आहे? तिथे मला कोण ओळखतं? खोटं मी इथे बोलले होते.

संध्याकाळी आधी सांचीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली, 'म्हणजे मी तीन वर्षं त्या आंटीशी... मम्मा!' आणि फोन ठेवला. बरोबरच आहे. तिनं अजून उचललेला नाही.

मग मी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं. हातात तीच वही, कारण फेब्रुवारी आहे आणि त्यांची यादी चालू आहे. 'अगं, ये ना, बरी आलीस,' म्हणाल्या. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले आणि म्हणाले, 'आधी ऐकून घ्या, मग आत बोलवायचं की नाही ते ठरवा.'

सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळत गेलं. आम्ही कुठले आहोत, कोण आहोत ते सांगितलं तेव्हा नव्हे. ते ऐकून त्या म्हणाल्या, 'बरं, मग?' सांचीचं सांगितलं तेव्हा. त्या दाराच्या कडीशी चाळा करत राहिल्या. 'म्हणजे लाडू दिले त्या दिवशीसुद्धा तिला वाटत होतं की मी...' एवढंच म्हणाल्या. डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता दार लावतील. लावलं असतं तरी माझं काही म्हणणं नव्हतं.

लावलं नाही. आत या, असंही म्हणाल्या नाहीत. नाकाला पदर लावला, वही उघडली, कोरं पान काढलं.

'सांग,' म्हणाल्या. 'गाणं कोण म्हणणार?'

'मीच. तिन्ही कडवी.'

'कवी?'

'शामराव कांबळे.' आडनाव मी नीट, सावकाश सांगितलं. जिन्यात कुणीतरी वर येत होतं, त्यालाही ऐकू गेलं असेल.

वहिनींनी लिहिलं. 'मला म्हणून दाखव,' म्हणाल्या. मी उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या तिन्ही कडवी म्हटली. खालच्या पोराचं पिरियॉडिक टेबल थांबलं होतं, किंवा मला ऐकू येत नव्हतं. वहिनी पेन हातात धरून तशाच उभ्या होत्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, 'आणि ही लेक कोण गं?'

'मी,' मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तेही लिहून घेतलं.